सासूबाईंच्या ताटापासून सहल आख

अगं, काल फोनवर तुझा आवाज ऐकूनच मला कळलं. शेजारी सगळी मंडळी बसलेली होती म्हणून तू ‘बरं, बघू’ म्हणालीस, आणि मीही विषय वाढवला नाही. आता सविस्तर लिहिते. दुपारी घर निजलं की निवांत वाच.

कोरियाला जायचं ठरलं ह्याचा मला मनापासून आनंद आहे. पोरीनं त्या बीटीएस बँडपायी घर डोक्यावर घेतलंय, जावईबापू कधीपासून पैसे बाजूला टाकताहेत, आणि तुला लग्नानंतर शिर्डी, पंढरपूर, महाबळेश्वर ह्यापलीकडं कुणी नेलेलं नाही. पण ‘आईंना दिरांकडं ठेवू, तिकडं त्यांच्या तोंडात घालण्याजोगं काही मिळायचं नाही’ असा जो सूर तुमच्याकडं लागलाय, तो मला पटत नाही. तुलाही पटलेला नाही, एवढं मी तुला ओळखते. तू गप्प आहेस ती वेगळ्या कारणानं. त्यांना नेलं तर परक्या देशातही तीन वेळचा स्वयंपाक आपल्याच गळ्यात पडणार, ही तुझी धास्ती आहे. ती मनात आली म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. प्रत्येक सुनेच्या मनात ती येते.

माझं ऐकशील तर सहल सासूबाईंच्या ताटापासून आखायला घे. घरात सगळ्यात कडक पथ्य ज्याचं, त्याच्या जेवणाची सोय आधी लावली की बाकीच्यांचं निभून जातं. उलट केलं, म्हणजे आधी बघायची ठिकाणं ठरवली आणि जेवणाचं ‘तिथं बघू’ म्हणून सोडलं, तर रोज दुपारी भर रस्त्यात उपाशी पोरं, चिडलेला नवरा आणि गप्प झालेली सासू घेऊन उभी राहशील ती तूच.

दिवाळीच्या सुट्टीतच जायचं असेल तर भाऊबीज झाली की निघा. नोव्हेंबरात तिकडं हवा कोरडी आणि गार असते, झाडं पिवळी-तांबडी होतात. मात्र तेव्हा चातुर्मास सरलेला नसतो. कार्तिकी एकादशीपर्यंत सासूबाईंचा कांदा-लसूण बंद, हे तू विसरली नसशीलच. म्हणूनच मी म्हणते, यात्रा कंपनीचं ते सेऊल, जेजू, बुसान असं धावतपळत दाखवणारं पॅकेज घेऊ नका. त्यात जेवण त्यांच्या वेळेला आणि त्यांच्या हॉटेलात. एकच शहर धरा, तिथं बिऱ्हाड केल्यासारखं राहा. आणि ते शहर बुसान असू दे.

बुसान का, तर तिथं समुद्र आहे, डोंगर आहे, जुनी देवळं आहेत, आणि सगळं मेट्रोच्या अंतरावर. तुमच्या परतूरच्या पोराला खिडकीतून समुद्र दिसणं ही लहान गोष्ट नाही. सेऊलला उतरायलाच हवं असंही नाही. मुंबईहून बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे थेट बुसानला उतरता येतं. सेऊल बघायचंच झालं तर तिथल्या वेगवान रेल्वेनं अडीच-तीन तासांचा रस्ता आहे, पण म्हाताऱ्या माणसाला बॅगा घेऊन गावं बदलायला लावू नये असं माझं मत आहे.

आता जेवणाचं नीट ऐक. कोरियात मांस काढून टाका म्हटलं की काढतात, पण मासळीचं पाणी तसंच राहतं. सुपाचा पाया सुकवलेल्या बारीक मासळीचा असतो. किम्चीत खारवलेली कोळंबी नाहीतर माशाचं आंबवलेलं पाणी घालतात. गाड्यावरच्या तांबड्या तिखट त्तोकबोक्कीत तांदळाच्या कांड्या दिसतात, पण रस मासळीचाच, आणि शेजारी माशाच्या वड्या हमखास. गिमबापमध्ये अंडं आणि बहुधा मांसही. म्हणून एक कागद कोरियन भाषेत लिहून घे. मांस नको, मासे नकोत, अंडं नको, मासळीचं पाणी नको, कांदा-लसूण नको. प्रत्येकाच्या खिशात एकेक ठेव. तो दाखवायचं काम तुझं नाही, पोरीचं. तिला भाषेची एवढी हौस आहे ना, मग ती बोलेल.

बिबिम्बाप बहुतेक ठिकाणी मिळतो. भातावर मांडलेल्या भाज्या, मोड, गाजर, आणि कालवायला तिखट चटणी. अंडं आणि मांस वगळून करून देतात. टेबलावर बसलं की न मागता लहान-लहान वाट्या येतात, संपल्या की पुन्हा भरून देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. पण त्यातली कुठली सासूबाईंना चालेल हे विचारल्याशिवाय त्यांच्यापुढं सरकवू नकोस. आणि घरात वडीलधाऱ्यानं घास उचलल्याशिवाय धाकट्यांनी सुरुवात करायची नाही ही तिथली रीत. सासूबाईंना ती एकच गोष्ट अशी आवडेल की त्या अर्ध्या तिथंच रमतील.

खरी सोय मात्र देवळात आहे. बुसानच्या उत्तरेला गुमजोंग डोंगराच्या कुशीत बॉमॉसा नावाचं बौद्ध मंदिर आहे, इ.स. ६७८ मधलं, उइसांग नावाच्या भिक्षूनं स्थापलेलं. मेट्रोच्या पहिल्या लाइनीनं बॉमॉसा स्टेशनला उतरायचं, तिथून ९० नंबरची बस वर जाते. ह्या मंदिरात मुक्काम करता येतो. २००२ साली फुटबॉलचा विश्वचषक कोरियात होता तेव्हा पाहुण्यांसाठी देवळांनी ही सोय सुरू केली, ती पुढं चालूच राहिली. आम्ही गेलो तेव्हा माझ्या सासूबाई बरोबर होत्या, म्हणून छातीठोकपणे सांगते.

कोरियातल्या देवळांच्या स्वयंपाकात मांस-मासे तर नाहीतच, शिवाय लसूण, कांद्याची पात आणि त्या जातीचं काहीही नाही. भिक्षूंना वर्ज्य अशा पाच गोष्टी आहेत, आणि पाचवी कोणती म्हणशील? हिंग! हे कळल्यावर आमच्या सासूबाई जरा विचारात पडल्या, कारण त्यांची आमटी हिंगावाचून होत नाही. संध्याकाळचं जेवण लवकर, उजेड असतानाच. भात, सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचं सूप, तिळाच्या तेलात परतलेल्या रानभाज्या, मशरूम, मऊ टोफू, आणि लसूण-मासळीविना केलेली किम्ची. आपण वाढून घ्यायचं, लागेल तेवढंच घ्यायचं, आणि भाताचं एक शीतही टाकायचं नाही. जेवण झाल्यावर ज्यानं-त्यानं आपलं भांडं धुवायचं. आमच्याकडचे, जन्मात ताट न उचललेले, तेही रांगेत उभे राहून वाटी घासत होते, आणि सासूबाई पदर खोचून त्यांच्या मागं. त्यांनी लेकाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि काही बोलल्या नाहीत. जांब समर्थला उत्सवात पंगती वाढलेली बाई ती. पानात उष्टं न टाकण्याचं महत्त्व तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. पहाटे, अंधार असतानाच नगारा आणि घंटा होते. ती चुकवू नका, पोरांना उठवा, रडली तरी उठवा.

मुक्काम नको असेल तरी दिवसभरासाठी जा. समुद्राच्या खडकांवरचं हेदोंग योंगगुंगसा मंदिर फोटोत जास्त देखणं दिसतं, १३७६ सालचं म्हणतात, लाटा पायथ्याशी फुटतात. पण खाली उतरायला १०८ पायऱ्या, आणि परत चढायच्याही तेवढ्याच. सासूबाईंच्या गुडघ्यांचं तूच ठरव. दोन्हीतलं एकच जमणार असेल तर मी बॉमॉसाच म्हणेन.

मधल्या वेळचं खाणं मात्र रस्त्यावर करा, त्यात मजा आहे. नाम्पोदोंग भागात बिफ चौक आहे. १९९६ साली सुरू झालेल्या बुसानच्या चित्रपट महोत्सवावरून त्याचं नाव पडलं. तिथं होत्तोकचे गाडे लागतात. बाई मऊ कणकेचा गोळा हातावर घेते, त्यात दालचिनी घातलेली तांबूस साखर भरते, गोळा तेलात सोडते आणि लोखंडी चकतीनं दाबून पसरट करते. दोन्ही बाजू खरपूस झाल्या की कात्रीनं कड कापून आत सूर्यफुलाच्या, भोपळ्याच्या बिया आणि शेंगदाणे कोंबते, आणि कागदी पेल्यात उभं घालून हातात देते. चव थेट आपल्या गुळाच्या पोळीच्या वळणाची. आतली साखर वितळून पाणी झालेली असते, पोरांचं तोंड भाजेल, पहिला घास तू फुंकून दे.

थंडीत भाजलेली रताळी आणि चेस्टनट रस्त्यावर मिळतात, रताळी तर चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानांतही. एकादशी तिथंच आली तर सासूबाईंचा उपवास त्यावर निघतो. आणि जेजू बेटाची संत्री तेव्हा नुकती बाजारात येऊ लागलेली असतात, सालीला नख लावलं की सुटणारी. जालन्याच्या मोसंबीवर वाढलेल्या माणसाला त्या फळाबद्दल मत देता येतं, तेव्हा जावईबापूंना चाखायला लाव.

जावईबापूंना मासे खायचे असतील तर जागाल्चीच्या बाजारात जाऊ द्या. खाली बायका जिवंत मासळी घेऊन बसतात, आपण निवडायची, वर शिजवून मिळते. तेवढा वेळ तू आणि सासूबाई दुसरीकडं. सगळ्यांनी सगळं बरोबरच करायचं हा हट्ट धरू नकोस. फक्त सांगून ठेव, की बुसानची प्रसिद्ध ‘द्वेजी गुकबाप’ म्हणजे डुकराच्या मांसाचा रस्सा-भात. न विचारता मागवायची नाही.

पोरीला गामचॉनला ने. डोंगरउतारावर रंगीत घरांची ओळ आहे, आणि तिथल्या एका भिंतीवर बीटीएसचे जिमिन आणि जंगकुक आहेत. दोघेही बुसानचेच. पण तिला हेही सांग की ही वस्ती हौसेनं वसलेली नाही. १९५० मध्ये युद्ध पेटलं तेव्हा बुसान देशाची तात्पुरती राजधानी झालं, उत्तरेकडून लोंढे आले, आणि जागा मिळेल तिथं माणसांनी पत्र्या-फळ्यांची घरं टाकली. रंग आणि चित्रं आली ती २००९ नंतर. घरांत अजून माणसं राहतात, तेव्हा खिडक्यांतून डोकावून फोटो काढायचे नाहीत. त्याच युद्धात, १९५०च्या नोव्हेंबरात, आपल्या सैन्याचं डॉक्टरांचं पथक बुसान बंदरात उतरलं होतं. साठावी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स, प्रमुख लेफ्टनंट कर्नल रंगराज. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे नव्हतं. पोरांना तरी माहीत होऊ दे.

एक दिवस ग्यॉंगजूला द्या. बॉमॉसाच्या पुढचंच स्टेशन नोपो, तिथून बसनं तासाभरात पोहोचता. जुन्या शिल्ला राज्याची ही राजधानी. डोंगरात सॉक्कुरामची बुद्धमूर्ती आहे, आठव्या शतकातली, एका ग्रॅनाइटच्या दगडातून घडवलेली. भोकरदन-सिल्लोडवरून अजिंठ्याला जाऊन आलेल्या माणसानं ती बघायलाच हवी. आपल्याकडं कातळ आत-आत कोरत गेले, तिथं घडवलेले दगड रचून घुमट उभा केला आणि त्यावर माती चढवली. आपलं भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन, तिथल्या लोकांनी सांचीच्या स्तूपाला दान दिल्याचे लेख आहेत. हे सगळं एकाच वाटेवरचं आहे असं मला तिथं काचेपलीकडं उभं राहून फार वाटलं.

आणि विमानतळाच्याच बाजूला गिमहे गाव आहे. तिथं राणी हॉ ह्वांगओकची समाधी आहे. इ.स. ४८ मध्ये आयुता देशाची, म्हणजे अयोध्येची असं मानतात, राजकन्या समुद्रमार्गे आली आणि राजा सुरोची राणी झाली, अशी कथा तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ ग्रंथात आहे. कथा म्हणूनच सांग, इतिहास म्हणून नको. सासूबाई अयोध्येचं नाव काढताच हात जोडतील, त्यांना जोडू दे.

सामानाचं. येसर, भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी घे. स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घेतलंत तर शिजलेल्या भाताची डबी दुकानात मिळते, येसराची आमटी दहा मिनिटांत होते. ती सकाळी एकदाच, आणि सासूबाईंना करू दे. त्यांना काम हवं असतं, तुला सुट्टी हवी असते. ताजी फळं, कच्च्या डाळी, तूप, पेढे न्यायचे नाहीत, विमानतळावर अडवतात. बियाण्यांची पाकिटं तर चुकूनही नकोत. आपल्या जालन्याकडं ती घरोघरी पडलेली असतात, पिशव्या झटकून घे. जे नेशील ते कागदावर खरं लिहून दे.

आपल्याला व्हिसा आधीच काढावा लागतो, मुंबईत कोरियाचा वाणिज्य दूतावास आहे. बँकेचे उतारे, आयकराची कागदं जावईबापू बघतील. तू आजच एक कर. सासूबाईंच्या आधारवरचं, पॅनवरचं आणि बँकेतलं नाव एक आहे का ते ताडून बघ. आपल्याकडं बायकांच्या कागदांवर माहेरचं एक आणि सासरचं एक अशी दोन नावं निघतात, आणि दुरुस्तीला महिने जातात. नावं जुळली की त्यांच्या पासपोर्टचा अर्ज भर, मगच घरात विषय काढ. जावईबापूंशी तू स्वतः बोल. माझं नाव पुढं केलंस तरी चालेल.