विज्ञान-सहल आणि विद्यार्थ्यांचे वय

सर्व इयत्तांना एकाच ठिकाणी नेऊन एकच माहिती सांगितली, तर लहान मुले कंटाळतात आणि मोठी नुसती ऐकून घेतात. स्थळ एक असले तरी काम वयाप्रमाणे निराळे द्यावे.

आपल्या जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९९० नंतर पाणलोटाची कामे झाली. तेथे दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात व त्यावरून पिके ठरवितात. या भेटीत पहिली-दुसरीच्या मुलांनी उघड्या व गवताळ जमिनीवर तांब्याभर पाणी ओतून ते कोठे मुरते व कोठे गढूळ होऊन वाहते, हे पाहावे. तिसरी-चौथीच्या मुलांनी समतल चरांची लांबी पावलांनी मोजून आराखडा काढावा. पाचवी ते सातवीच्या मुलांनी हिशेब करावा : एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. शाळेत परतल्यावर आपल्या गावच्या पावसाचाही असाच हिशेब मांडावा.

दूर जाणे शक्य नसल्यास गावचा ओढा पुरेसा आहे. उन्हाळ्यात आईबरोबर हंडा घेऊन जाणाऱ्या मुलाला विहीर का आटते, हे स्वतःच्या मोजणीतून उमगावे, हेच सहलीचे प्रयोजन होय.