विंगफॉइल बोर्ड घेताय? आधी भरती बघा, मग किंमत

नवा बोर्ड उरणच्या मोरा बंदरात उतरवून बघायचा बेत असेल, तर आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडा. ओहोटीला इथे गाळ वर येतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून येणाऱ्या लाँचचाही त्यापायी खोळंबा होतो. फॉइलचा, म्हणजे बोर्डाखालच्या पाण्यातल्या पंखाचा, दांडा साधारण ७५ ते ८५ सेंटिमीटर, म्हणून पाणी छातीएवढं हवंच. भरती चढत असताना उतरा, ओहोटी लागण्याआधी बाहेर या. लाँचचा मार्ग आणि मोठ्या जहाजांचा पट्टा टाळा. जाळी कुठे लावलीत ते कोळी बांधवांना विचारा. बंदर कार्यालयात आधी चौकशी करा, आधार कार्ड जवळ ठेवा, लाइफ जॅकेट घाला, एकटे जाऊ नका. पावसाळ्यात तर नकोच. आणि ही शिकण्याची जागा नाही.

शिकायचं कुठे? गोव्यात मोरजी-मांद्रे, तमिळनाडूत रामेश्वरम इथे काइटसर्फिंगच्या शाळा आहेत. विंगफॉइल शिकवतात का, ते फोनवर विचारूनच निघा. साहित्याच्या भाड्यात फॉइल, विंग (हातात धरायचं शीड), हेल्मेट आणि बचावबोट धरली आहे का? मोडतोड झाली तर किती कापणार? उत्तर लेखी घ्या.

बोर्ड किती लिटरचा? नवशिक्याने वजनात ३० ते ४० मिळवावेत. ७५ किलोच्या माणसाला १०५ ते ११५ लिटर. दुकानदार छोटा, चपळ बोर्ड पुढे करील. घेऊ नका, तो तुम्हाला उभंच राहू देणार नाही. किमान दोन आकार पाण्यात वापरून बघा. वारा पडल्यावर गुडघ्यावर बसून किनारा गाठता आला, तर बोर्ड तुमचा.

जुना घेताना तळ उलटा करा. फॉइलच्या खाचांभोवती अंगठ्याने दाबत जा. केसासारखी चीर दिसली किंवा जागा दबली, तर पाणी आत गेलं समजा. तुमच्या फॉइलचे बोल्ट तिथेच बसवून बघा.

खर्च किती? परदेशात नुसता नवा बोर्ड साधारण ८०० ते १,५०० युरोंना पडतो. फॉइल, विंग, पंप, दोरी वेगळी. तिथून मागवलात तर जकात फक्त किमतीवर लागत नाही. बोर्ड १ लाखाचा आणि वाहतूक-विमा १५ हजार असेल, तर हिशोब १ लाख १५ हजारांवर. जकातीच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, मग या सगळ्या बेरजेवर आयजीएसटी. कुरिअरचं हाताळणी शुल्क शेवटी कळतं. ते आधीच विचारा. बिल आणि केवायसीची कागदपत्रं तयार ठेवा. बिलात किंमत कमी दाखवण्याची ‘सोय’ कुणी सुचवली तर नकार द्या. माल अडकला की दंड तुमच्या नावावर येतो.

विमानाने नेताना लांबी-वजनाची मर्यादा आणि जादा सामानाचा दर तिकिटाआधी विचारा. बोर्डाला हवेचा स्क्रू असेल तर प्रवासात सैल ठेवा. पाण्यात उतरण्याआधी मात्र तो घट्ट केलाय ना, हे हाताने तपासा. तो उघडा राहिला तर लाखाचा बोर्ड आतून भिजतो.