मजूर आणि लेकरू



दसरा-दिवाळी झाली की आपल्या केज भागातून ऊसतोडीला जाणाऱ्यांची लगबग सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडण्यासाठी नवराबायको महिनोन्‌महिने राबतात. पुढे कारखान्याचा पट्टा पडतो, हिशेब होतो, आणि पुष्कळांच्या अंगावर बाकी निघतेच. पुढच्या साली पुन्हा तोच कोयता आणि तीच बाकी.

फिटता फिटत नाही असे कर्ज कसे असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आज आपण ख्रिस्ती धर्मातले तीन शब्द समजून घेऊ. पाप, तारण आणि आज्ञापालन. त्यांना कर्जाचाच दाखला लागू पडतो.

पाप म्हणजे काय? चोरी, खोटेपणा, दुबळ्याला छळणे ही पापे आहेतच. पण ही झाली वरची पाने. माणूस देवाकडे पाठ फिरवतो आणि आपल्याच मर्जीने चालतो, हे पापाचे मूळ, असे ख्रिस्ती शिकवण सांगते. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत पापाला ऋण म्हटले आहे. हे ऋण उपासतापास करून किंवा दानधर्म करून फिटत नाही, असे ख्रिस्ती लोक मानतात.

आता तारण. कर्ज काढताना सोने किंवा जमीन तारण ठेवतात. म्हणजे गहाण ठेवतात. पण ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात तारण म्हणजे तारून नेणे, सुटका. यालाच कोणी मुक्ती म्हणतात.

तारण कसे होते? येशूने एक गोष्ट सांगितली. एका बापाला दोन लेक होते. धाकट्याने जितेपणीच बापाकडून वाटणी घेतली, परमुलुखात जाऊन सारी उधळली. दुष्काळ पडला. पोटाला मिळेना. तेव्हा तो घरी निघाला. निघण्याआधी त्याने मनाशी ठरवले, ‘लेक म्हणून नको, मजूर म्हणून तरी ठेवा, असं म्हणायचं.’ पण बापाने त्याला लांबूनच पाहिले. म्हातारा धावत गेला, त्याने लेकाला पोटाशी धरले. मजुरीची गोष्ट पुरती बोलूच दिली नाही. थोरला भाऊ मात्र रुसला. तो इतकी वर्षे घरीच राबत होता. पण त्यानेही मनात मजुरीचाच हिशेब ठेवला होता.

सावकाराने कर्ज सोडले तर तोटा कोणाला? सावकारालाच. माफी फुकट होत नाही. जो माफ करतो तो तोटा सोसतो. येशू वधस्तंभावर मेला, तेव्हा देवाने हा तोटा स्वतः सोसला, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे.

मग कोणी विचारील, “कर्ज माफ झालं, तर आता कसंही वागावं का?” नाही. मजूर दिवस मोजून काम करतो. ते रास्तच आहे. पण मध्यरात्री लाईट येते, पिकाला पाणी द्यायचे असते, तेव्हा घरचे लेकरू न सांगता उठते. घर मिळावे म्हणून ते उठत नाही. घर आपले आहे म्हणून उठते. ख्रिस्ती धर्मातले आज्ञापालन असे आहे. ते तारणाची किंमत नव्हे, ते तारणाचे फळ.

पण आज्ञा कोणाची पाळायची? यासाठी पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहू.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून घरच्या बायकांना संस्कृत शिकवले. पुढे दुष्काळाच्या दिवसांत आईवडील व थोरली बहीण गेली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले. १८८२ साली त्या विधवा झाल्या. पदरी लहान मुलगी होती.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. तेथे समाजाने टाकून दिलेल्या बायकांना ख्रिस्ती जोगिणी मायेने सांभाळत होत्या. ते पाहून त्यांचे मन हलले. त्याच साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तेथील धर्मगुरू सांगतील ते सारे मान्य करायला त्या तयार झाल्या नाहीत. एका पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने उतरवले, आता दुसऱ्यांचे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी कळवले. देवाची आज्ञा पाळायची, पण ती आपण वाचून, पारखून, असा त्यांचा बाणा होता.

१८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढच्या साली ते पुण्यास नेले. तेथे मुली ख्रिस्ती होतील या भीतीने मोठा वाद झाला, आणि १८९३ साली पुष्कळ मोठ्या माणसांनी सदनाशी संबंध तोडला. रमाबाईंनी पुढे लिहून ठेवले की, बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण ख्रिस्त सापडला नव्हता. एवढी विद्या आणि एवढी सेवा असूनही त्या आपल्याला मजूरच समजत होत्या. आपण लेकरू आहोत, हे तेव्हा उमगले.

त्यानंतर त्या स्वस्थ बसल्या का? उलट काम वाढले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी, निराधार अशा शेकडो मुली त्यांनी पुणे जिल्ह्यातील केडगावला आणल्या. त्या घराचे नाव ‘मुक्ती’. साध्या बायकांना समजावे म्हणून त्यांनी सोप्या मराठीत बायबल उतरवायला घेतले. त्यासाठी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. काम पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते बायबल १९२४ साली निघाले. त्याचे खिळे मुक्ती सदनातील बायकांनीच जुळवले होते.

आपला धर्म कोणताही असो, रमाबाईंची एक गोष्ट आपण घेऊ शकतो. जी आज्ञा आपल्याला पाळायची, ती आपल्या डोळ्यांनी वाचावी. आता आपल्याला वाचता येते.

विचार करा
१. तारण या शब्दाचे दोन अर्थ सांगा.
२. घरी राहूनही थोरला भाऊ मजूर कसा?
३. रमाबाईंनी कोणाची आज्ञा नाकारली? का?