रुग्णसेवकाचा सुटीचा वार

विद्यार्थिमित्रहो, 'सुटी' हा शब्द कानी पडताच तुमच्या मुद्रा कशा प्रफुल्लित होतात, हे आम्ही वर्गात नित्य पाहत आलो आहो. परंतु सुटी म्हणजे काय, ती मनुष्यास कशी मिळाली आणि तिचा विनियोग कसा करावा, याचा विचार आपण क्वचितच करितो. गेल्या नाताळच्या सुटीत आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या सहवासात आम्ही नगरजवळ एक दिवस घालविला. पुष्कळ ग्रंथ वाचून जे कळले नसते, ते त्या एका दिवसाने आम्हांस शिकविले. म्हणून तो वृत्तान्त येथे देत आहो.

हा तरुण पुण्यातील एका इस्पितळाच्या रुग्णवाहिकेवर सेवक आहे. अशा सेवकास 'पॅरामेडिक' म्हणतात. रुग्ण डॉक्टरांच्या हाती पडेपर्यंत वाटेत त्याचा जीव राखणे हे त्याचे कर्तव्य. वाहते रक्त थांबविणे, मोडलेल्या हाडास फळी बांधणे, प्राणवायू देणे, आणि हृदय बंद पडलेच तर मिनिटास १०० ते १२० वेळा या गतीने छाती दाबीत राहणे, ही कामे त्यास धावत्या गाडीत करावी लागतात. जखमींना रणभूमीवरून त्वरेने हलविण्याकरिता वेगवान गाड्यांची योजना फ्रान्सच्या सैन्यातील शस्त्रवैद्य डोमिनिक लारे याने १७९२ साली काढली. आपल्या महाराष्ट्रात १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा २०१४ साली सुरू झाली. आज खेड्यातील पोरासही तो आकडा पाठ असतो; मात्र त्या गाडीत बसणारा मनुष्य कधी थकतो की नाही, हे सहसा कोणी विचारीत नाही.

त्याची साप्ताहिक सुटी बुधवारी होती. मंगळवारी सायंकाळी तो एस. टी.ने घरी आला, आईच्या हातचे जेवला आणि नऊ तास गाढ झोपला. पहाटे आम्ही, शाळेतील सहा मुले, त्याचे दोन जुने सोबती व त्याचे वडील असे सर्व पाथर्डीच्या रस्त्याने चांदबिबीच्या महालाकडे निघालो. लोक त्यास महाल म्हणतात खरे; परंतु ती मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची कबर होय. डोंगरमाथ्यावरील ती अष्टकोनी, तीन मजली, दगडी इमारत दुरूनच दृष्टीस पडते. मुले धावत वर चढली. आमचा हा तरुण मात्र सावकाश चालला होता. मध्येच थांबून तो बोरे वेची, सोबत्यांची थट्टा करी, शाळेतील जुन्या खोड्या आठवून मोठ्याने हसे. वर पोहोचल्यावर वारा अंगावर घेत तो कितीतरी वेळ कठड्याशी निवांत बसून राहिला. "सर, येथे भोंगा ऐकू येत नाही," एवढेच तो आम्हांस म्हणाला.

परतताना एका सोबत्याच्या शेतावर हुरड्याचा बेत होता. गोवऱ्यांच्या आरावर ज्वारीची कोवळी कणसे भाजावी, ती ऊन ऊन असतानाच हातावर चोळावी, आणि शेंगदाण्याची चटणी व गूळ यांसह तो हिरवागार हुरडा खावा, हे सुख ज्याने भोगले त्यासच ठाऊक. आगटीभोवती गोष्टी रंगल्या असता नववीतील एका मुलाने एकाएकी विचारले, "दादा, तुम्ही येथे हुरडा खाता, आणि तिकडे या घटकेस कोणी तडफडत असेल; मग तुमच्या मनाला लागत नाही का?"

क्षणभर सर्व स्तब्ध झाले. तो तरुण रागावला नाही. तो म्हणाला, "बाळ, तिकडे आज माझ्या जागी दुसरा आहे, आणि तो काल झोपलेला आहे. पूर्वी मीही तुझ्यासारखेच समजत असे. घरी पैशांची निकड होती, म्हणून सुटीच्या दिवशीही मी काम अंगावर घेई. एकदा लागोपाठ दोन पाळ्या केल्यावर पहाटे एका वृद्धास आणीत होतो. मी एका औषधाऐवजी दुसऱ्याच औषधाची कुपी फोडली आणि पिचकारीत भरली. सोबत्याने माझा हात धरला म्हणून ते गृहस्थ वाचले. मला औषधे ठाऊक नव्हती असे नाही. माझे डोळे उघडे होते, पण मी जागा नव्हतो. त्या दिवसापासून सुटी हा माझ्या कामाचाच एक भाग आहे, असे मी मानितो."

मित्रहो, त्याचे हे म्हणणे शास्त्रासही धरून आहे. ऑस्ट्रेलियातील डॉसन व रीड या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले की, सलग १७ तास जागलेल्या मनुष्याचे हस्तनेत्रकौशल्य, रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या मनुष्याइतके मंदावते. आपल्या देशातील कायद्याने वाहन चालविणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के, याहून अधिक मद्यार्क असणे हा अपराध ठरविला आहे. तेव्हा मद्याला न शिवलेला सज्जनही केवळ जागरणाने त्या मर्यादेपलीकडे जातो! परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता सुटीचा इतिहास पाहा. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांना पूर्वी आठवड्याची निश्चित सुटी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी याविरुद्ध कित्येक वर्षे चळवळ केली, आणि १८९० साली मुंबईच्या गिरणीमजुरांस रविवारची सुटी मिळाली. पुढे १९२१ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने कारखान्यांतील कामगारांस दर सात दिवसांत सलग २४ तास विश्रांती मिळावी, असा ठराव केला. जी सुटी आपण सहज उपभोगितो, तिच्या पाठीशी एवढे श्रम आहेत.

पवित्र शास्त्रात तर हा विचार फार प्राचीन आहे. दहा आज्ञांतील विश्रामदिनाची आज्ञा केवळ घरधन्यासाठी नाही. त्याचे दास, दासी, गुरे आणि दारचा परकी यांसही तीत विसावा दिला आहे. प्रभू येशूचे शिष्य लोकांच्या गर्दीमुळे जेवावयासही सवड न मिळता दमले, तेव्हा त्याने त्यांस एकान्ती जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले, असे मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. रोगी तेव्हाही संपले नव्हते. परंतु त्याच प्रभूने विश्रामदिनीही रोग्यांस बरे केले. तेव्हा विश्रांती ही दयेच्या आड येणारी भिंत नव्हे, आणि दया ही विश्रांती हिरावून घेणारी सावकारीणही नव्हे. एकाने विसावा घ्यावा म्हणून दुसऱ्याने जागावे, व उद्या पहिल्याने दुसऱ्यासाठी जागावे, हाच बंधुप्रेमाचा व्यवहार होय.

सुटी कशी घालवावी, याचेही उत्तर त्या दिवसात मिळाले. आधी पुरेशी झोप. मग मोकळी हवा व पायांस चाल. मग जिवलगांच्या गोष्टी. आणि सायंकाळी घर. ओट्यावर बसून तो आईस शेंगा फोडू लागत होता, येणाऱ्याजाणाऱ्या शेजाऱ्यांची विचारपूस करीत होता. त्या दिवसास खर्च म्हणाल तर अगदी थोडा आला. दिवसभर मोबाइलकडे डोळे लावून बसणे यास आम्ही सुटी म्हणत नाही. त्यात शरीर बसून राहते, पण मन चाकरीसच असते.

शेवटी पालकांस एक विनंती. आगटीजवळ त्या तरुणाचे वडील आमच्या शेजारीच बसले होते. मुलाने जादा पाळ्या करून कर्ज लवकर फेडावे, असा आग्रह पूर्वी त्यांनीच धरिला होता. आणि कुपीची हकीकत ते त्या दिवशी प्रथमच ऐकत होते. बराच वेळ ते काठीने राख सारीत राहिले. मग मुलाकडे न पाहता म्हणाले, "पैसा थोडा उशिराने आला तरी चालेल. महिन्यातून एकदा तरी असाच घरी येत जा."

आमच्या मते त्या दिवशीचा सर्वांत मोठा धडा त्या पित्याने दिला. आपली मुले उद्या डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, सारथी होतील. दुसऱ्यांचे जीव त्यांच्या हाती असतील. त्यांस कष्ट करावयास आपण शिकवितोच. विसावा घ्यावयासही शिकवू या.