पथ्यपालनातील मन आणि घर : फळे व भाज्या

आहारात फळे व भाज्या पुरेशा असाव्यात, हे रुग्णास सांगण्यात आपण कमी पडत नाही. सांगितलेले पाळले का जात नाही, याचा विचार मात्र क्वचितच करतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेतील २००० कॅलरींच्या नमुना-आहारात प्रतिदिन ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे आहेत. केवळ हे प्रमाण सांगून ताटातील भाजी वाढत नाही.

चरकाचार्यांनी विमानस्थानात आहारविधीच्या आठ आयतनांत 'उपयोक्ता' गणला असून ओकसात्म्य त्याच्या अधीन मानले आहे. आजचे अभ्यासही याच दिशेने जातात.

मानसिक घटक : आवड सवयीतून घडते. मुलाने नाकारलेली भाजी आग्रह न करता आठ-दहा वेळा थोडी थोडी पानात आली, तर बहुधा स्वीकारली जाते. मिठाईचे आमिष दाखविल्यास मात्र ती शिक्षा वाटू लागते. प्रौढांत 'हे मला जमेल' हा विश्वास महत्त्वाचा. त्यासाठी सूत्रस्थानातील पादांशिक क्रमाचे तत्त्व उपयोगी पडते. सर्व आहार एकदम न बदलता प्रथम दुपारच्या जेवणात एक वाटी भाजी वाढवावी. ती अंगवळणी पडल्यावर पुढचे पाऊल.

सामाजिक घटक : पथ्य ऐकणारा एक व स्वयंपाक करणारी व्यक्ती दुसरी, असे अनेक घरांत असते. मेथी निवडण्यास लागणारा वेळ व बाजारभाव यांचा विचार न करता दिलेला सल्ला दाराशीच थांबतो. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीस चिकित्सालयात बोलवावे, स्वस्त व ऋतुप्राप्त भाज्या सुचवाव्यात. रुग्णापुरती वेगळी भाजी करण्यापेक्षा सर्वांनी एकच भाजी खाणे टिकते. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी खरोखर फलाहार सुचविल्यास रूढीच साह्यकारी होते.

येथे आपला एक दोषही मान्य करावा लागेल. वांगे नको, पालेभाजी नको, आंबट नको, अशी लांबलचक अपथ्यसूची आपण देतो. रुग्ण निषेध तेवढे लक्षात ठेवतो आणि भाजीच सोडून देतो. म्हणून प्रत्येक निषेधासोबत एक पर्याय लिहून द्यावा : वांगे वर्ज्य असल्यास दुधी किंवा पडवळ. मधुमेह व वृक्कविकारांत मात्र फळांची व भाज्यांची निवड आणि मात्रा वैद्यानेच ठरवावी.

औषधालयचालकांनीही मलावष्टंभासाठी वारंवार चूर्ण नेणाऱ्या ग्राहकास 'काल जेवणात भाजी कोणती होती?' असे सहज विचारावे. औषधयोजनेपूर्वी ताटाची चौकशी, हा नियम आपण सर्वांनी अंगीकारावा, एवढीच विनंती.