शेशखचा राजा कोण?

आजचं वाचन : यिर्मया २५:१५-२९



परमेश्वराच्या क्रोधाचा प्याला घेऊन यिर्मया एकेका राष्ट्राकडे जातो. सुरुवात यरुशलेमपासून, मग मिसर, पलिष्टी, अदोम, मवाब... आणि २६ व्या वचनात सगळ्यांत शेवटी शेशखचा राजा. नकाशावर शेशख नावाचा देश सापडत नाही. मग हा राजा कोण?

मी वही घेऊन बसले. इब्री वर्णमालेत २२ अक्षरं आहेत. स्तोत्र ११९ चे भाग त्यांच्याच क्रमाने येतात. ही सगळी व्यंजनं. म्हणजे शेशख = शीन, शीन, काफ. पहिली दोन सारखी, तिसरं वेगळं. प्रत्येक अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर ठेवलं असेल, तर मूळ नावाची ठेवणही अशीच हवी. बाबेल पाहा : बेथ, बेथ, लामेद. ठेवण जुळली!

आता किल्ली. सगळी अक्षरं सारखीच पुढे सरकवली असतील का? शीनपासून बेथ तीन घरं पुढे (ताव संपलं की पुन्हा आलेफ), पण काफपासून लामेद एकच घर. नाही जमत. मग वर्णमाला उलटी लावली : पहिल्याच्या जागी शेवटचं, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरं. बेथ दुसरं, शीन शेवटून दुसरं. लामेद बारावं, काफ शेवटून बारावं. शेशख म्हणजे बाबेल! या पद्धतीला अतबाश म्हणतात.

पण तीन अक्षरं योगायोगानेही जुळू शकतात. म्हणून ५१:४१ उघडा. तिथे शेशख आणि बाबेल एकाच वचनात येतात, एकाच नगराच्या पतनाबद्दल. आणि ५१:१ मधलं इब्री ‘लेब-कामाई’ याच किल्लीने उघडलं की ‘कास्दीम’, म्हणजे खास्दी लोक. पाचही अक्षरं जुळतात.

बायबलमधले गुप्त कोड दाखवणारे रील्स आपल्या सगळ्यांकडे येतात. ते पाहताना एवढंच विचारा : ही किल्ली बरोबर आहे, असं वचन स्वतः सांगतं का? आणि कोड सुटल्यावर वचनाशी जुळणारंच काही हाती येतं का? इथे येतं. बाबेलच्या राजाचा न्याय होणार, हे २५:१२ मध्ये उघडच लिहिलंय.

बाबेल तेव्हा सगळ्या राष्ट्रांना चिरडत होतं. त्याला कोण जाब विचारणार? पण देवाच्या यादीत त्याचंही नाव होतं. शेवटी का होईना, होतं. इ.स.पू. ५३९ मध्ये कोरेशाच्या सैन्याने बाबेल घेतलं.

ऑफिसात, घरात, कुणाच्या दबावाखाली तुम्ही दिवस काढत असाल, तर धीर धरा. उशीर झाला म्हणजे देव विसरला असं होत नाही. आणि आपलाच हात कुणावर जड पडत असेल, तर आजच थांबूया.

प्रार्थना : प्रभू, तुझ्या न्यायाची वाट पाहायला आणि तुझं वचन नीट वाचायला आम्हाला शिकव. आमेन.