जाळ्यासाठी सुताची निवड

स्वेटरसाठी लोकर किंवा क्रोशाच्या झालरीसाठी दोरा निवडताना, ती वस्तू कशासाठी वापरावयाची आहे, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. मासेमारीचे जाळे हेही एक विणकामच होय. मात्र येथे निवड चुकली, तर वस्तूबरोबर त्या दिवसाची कमाईही जाते.

चेन्नईच्या उत्तरेस कोसस्थलैयार नदी बंगालच्या उपसागरास मिळते. तेथील एन्नोरच्या खाडीकाठी मच्छीमारांच्या वस्त्या आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतीय किनाऱ्यावरील जाळी मुख्यतः कापूस व सण यांच्या सुताची असत. कापसाचे सूत मऊ असते, त्याची गाठ घट्ट बसते आणि भिजल्यावर त्याचे बळ वाढते. परंतु पाण्यातील जिवाणू ते कुजवितात. म्हणून जाळी वरचेवर वाळवावी लागत आणि झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून काढावी लागत.

१९५० नंतरच्या दशकांत नायलॉन आले. कोचीन येथे १९५७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने जाळ्यांच्या धाग्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. नायलॉन कुजत नाही, ताणले असता लांबते व ताण सुटताच पूर्ववत होते. भिजल्यावर त्याचे बळ थोडे घटते. तरीही बारीक धागा पुरेसा मजबूत राहतो. बारीक धागा माशाच्या नजरेस सहसा पडत नाही. त्यामुळे ज्या जाळ्यात मासा कल्ल्यांशी अडकतो, त्यासाठी तो उत्तम ठरतो. उलट, समुद्राच्या तळावरून ओढावयाच्या जाळ्यास घर्षण सोसणारे पॉलिएथिलीन अधिक योग्य होय. त्याची घनता सुमारे ०.९५ असल्याने ते तरंगते. नायलॉनची घनता १.१४ असल्याने ते बुडते.

सुताची जाडी डेनिअरमध्ये सांगतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन म्हणजे त्याचे डेनिअर. ‘२१०/२/३’ या खुणेचा अर्थ असा, की २१० डेनिअरचे दोन धागे एकत्र पिळून एक पदर झाला व असे तीन पदर पुन्हा पिळून सूत तयार झाले. पीळ कमी असल्यास सूत मऊ राहते, पण लवकर झिजते. पीळ फाजील झाल्यास ते गुंडाळू लागते. नायलॉन गुळगुळीत असल्याने साधी गाठ सरकते. म्हणून दुहेरी गाठ मारतात किंवा उष्णतेने गाठी पक्क्या करतात.

नायलॉनलाही दोष आहेत. उन्हातील अतिनील किरणांनी ते दुर्बल होते. म्हणून जाळे सावलीत ठेवावे. शिवाय, समुद्रात हरवलेले जाळे न कुजता दीर्घकाळ मासे अडकवीत राहते. कापसाचा जो दोष मानला गेला, तोच येथे गुण ठरला असता.

सूत कितीही उत्तम असले, तरी पाण्याची अवस्था त्याच्या हाती नसते. डिसेंबर २०२३ मध्ये पुराच्या वेळी एन्नोरच्या खाडीत तेल पसरले आणि नावांसह जाळीही तेलाने माखली. अशा प्रसंगी सुताची कोणतीही निवड उपयोगी पडत नाही. जाळे टिकावयाचे, तर धाग्याबरोबर खाडीही जपावी लागते.